परततोय

नर्मदा : परततोय.

पडद्यावर ती ओळ उतरली तेव्हा मोनाली जेवत होती, आणि क्षणभर तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बरं, निघाला म्हणजे, एवढंच मनात आलं. कुणी दारातून डोकावून सांगून जावं आणि आपण नुसती मान हलवावी तसं. तिनं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि मग तिचा हात तिथंच थांबला. नर्मदा ही होडी बुडून दोन वर्षं होत आली होती. त्या होडीवर मोनालीचा भाऊ देवू होता आणि चार खलाशी होते. फळ्यांचे तुकडे आणि बर्फाची एक पेटी डहाणूच्या बाजूला लागली होती. माणसं कुठंच लागली नव्हती. तिनं घास खाली ठेवला. नर्मदेच्या वरखाली चालू होड्यांच्या ओळी होत्या, सातपाटीच्या, दांडीच्या, मुरब्याच्या, आणि त्या सगळ्यांमध्ये ही ओळ अगदी सरळ, शहाण्यासारखी उभी होती. बाहेर एमआयडीसीच्या रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. चहावाला आत येऊन म्हणाला, "मॅडम, चाय रख दूँ?" ती "रख दो" म्हणाली, आणि आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

बोईसरच्या त्या दुमजली गाळ्यात खाली पत्रा कापायचा कारखाना होता आणि वर त्यांची कंपनी. पाण्याच्या घागरीएवढा एक उपग्रह त्यांनी बनवून वर पाठवला होता. खोल समुद्रात फोन लागत नाही, म्हणून होड्यांवर छोट्या पेट्या बसवलेल्या. पेटीला तीन बटणं : ठीक आहोत, परततोय, मदत पाठवा. बटण दाबलं की निरोप आणि होडीची जागा वर जायची, उपग्रह ते सांभाळून ठेवायचा, आणि बोईसरवरून जाताना गच्चीवरच्या अँटेनाकडे सगळं ओतून द्यायचा. तिथून ते घरच्यांच्या फोनवर. पहिल्या चाचणीच्या पेट्या बसवायला होडीवाले तयार नव्हते तेव्हा मोनालीनं घिवलीला जाऊन भावालाच गळ घातली होती. देवूनं पेटी नर्मदेच्या केबिनमध्ये ठोकली आणि हसत म्हणाला होता, आता दारू प्यायला थांबलो तरी तुमाला कळंल. दिवाळीच्या आधी वारा फिरला त्या दिवशी संध्याकाळी पेटीतून निरोप आला होता, परततोय. त्या एका शब्दावर सगळं घर निर्धास्त राहिलं. बाकीच्या होड्या आत आल्या, किनाऱ्यावर माणसं विचारायला लागली, तर मोनालीची आई मंगला सगळ्यांना सांगत होती, आमचा निघालाय, निरोप आलाय. शोधायला माणसं बाहेर पडली ती दुसऱ्या दिवशी. तो शब्द आला नसता तर आधी पडली असती. हे कुणी मोनालीला कधी बोलून दाखवलं नाही. तीही बोलली नाही. पण तेव्हापासून पडद्यावर कुणाचाही 'परततोय' आला की तिच्या पोटात काहीतरी बारीक हलायचं, आणि आज नेमकं ते हललं नव्हतं. तिला भीती वाटली ती त्याचीच.

"रूपेश, उपग्रहावर काही कमांड पाठवलीस का?"

समोरच्या टेबलावरचा रूपेश जालन्याकडचा. दहा वर्षं बोईसरमध्ये काढूनही त्याला मासे खाता येत नव्हते. त्यानं कानातला इअरफोन काढला. "नाही. का?"

"काही नाही."

का नाही सांगितलं, हे तिला स्वतःलाच कळलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं खुर्ची ओढून कारण शोधायला घेतलं असतं, आणि कारण सापडलं असतं. तिला ते इतक्यात नको होतं.

त्या आठवड्यात कामही असं होतं की विसरायची सोय नव्हती. दुसरा उपग्रह बनवायचा होता, शेकडो होड्यांसाठी, आणि त्याच्या पोटात कुठली मेमरी घालायची आणि त्याचा प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचा हे पुढच्या शुक्रवारी ठरायचं होतं. कंपनीचे मालक प्रदीप सर मीटिंगमध्ये दोघांना समोरासमोर बसवायचे आणि स्वतः मध्ये चष्मा पुसत राहायचे. रूपेशचं म्हणणं सोपं होतं. जुना प्रोग्रॅम सी भाषेत आहे, चालतोय, तोच उचला. मेमरी फ्लॅश घ्या, स्वस्त, ढीगभर जागा, एकही निरोप कधी टाकून द्यावा लागणार नाही. मोनालीचं म्हणणं रस्ट भाषेचं होतं, आणि चुंबकी मेमरीचं. वरच्या किरणांच्या माऱ्यात फ्लॅशमधला एखादा आकडा आपसूक उलटतो, शून्याचा एक होतो. चुंबकी मेमरी दाद देत नाही. पण तिच्यात जागा अगदी थोडी. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आधीच ठरवावं लागतं.

"म्हणजे हिचा उपग्रह विसरभोळा," रूपेश म्हणाला.

"विसरायचं ते नीट विसरेल," मोनाली म्हणाली. "सीमध्ये आपण एखादी जागा सोडून देतो आणि नंतर चुकून तिथंच हात घालतो. सी घालू देते. हाताला जे लागेल ते आणून देते. रस्ट तसा प्रोग्रॅम बनवूच देत नाही. सोडलेल्या जागेकडे कुठून एक बोट जरी राहिलं असलं तरी अडून बसते, आधी ते बोट काढा म्हणते."

"लिहायला सहा महिने जास्त जातील. आणि तुझ्याशिवाय ती भाषा येते कुणाला?"

प्रदीप सर चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मोनाली, जुन्यात असं कधी झालंय का? सोडलेल्या जागेतून काही वर आलंय?"

मोनालीनं समोरची वही मिटली. मग म्हणाली, "बघते."

निरोप पुन्हा आला. एक दिवस सोडून, मग लागोपाठ. शब्द तोच, परततोय. फक्त जागा बदललेली. आलेली प्रत्येक जागा ती समुद्राच्या नकाशावर ठिपक्यानं मांडत गेली, आणि ठिपके किनाऱ्याकडे येत होते. सरळ नाही, वाऱ्यानं ढकलत ढकलत यावं तसे, थोडे उत्तरेला, मग थोडे दक्षिणेला, पण प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा जवळ. पालघरच्या आपल्या भाड्याच्या खोलीतून ती सकाळी स्कूटरवर निघायची तेव्हा रस्त्याच्या डाव्या हाताला, शेतांच्या आणि तिवरांच्या पलीकडे, न दिसणाऱ्या समुद्राची तिला इतकी जाणीव व्हायची की ती बाजू जड झाल्यासारखी वाटून स्कूटर तिकडे ओढ घ्यायची. उमरोळीच्या पुढं एकदा तिनं गाडी बाजूला घेतली आणि नुसती उभी राहिली. खारा वास आला. लहानपणी ती आणि देवू घिवलीच्या खडकांवर कालवं काढायला जायचे. भरतीचं पाणी पाठीमागून येतं, समोरून नाही, हे देवूनं तिला शिकवलं होतं. मागं बघत ऱ्हा, म्हणायचा, पानी गुपचूप येतं. आणि मोठेपणी ती जे शिकली ते सगळं आकाशाकडे तोंड करून. आपण त्याला ती पेटी दिली तेव्हा तो समुद्राकडे न बघता बटणाकडे बघायला लागला असेल का? शेवटचं बटण त्यानं दाबलं तेव्हा बोट चुकलं असेल का, मदतीच्या बटणाला लागायचं ते शेजारच्या बटणाला? हा प्रश्न तिनं दोन वर्षं मनाच्या कुठल्यातरी मोकळ्या केलेल्या जागेत टाकून दिला होता. तो तिथंच होता, जसाच्या तसा.

रविवारी ती घिवलीला गेली. सांगायचं कसं याची जुळवाजुळव ती रस्ताभर करत होती. अंगणात बोंबील वाळत घातले होते आणि देवूची बायको लाडकी ओट्यावर नव्या जाळ्याची गाठ मारत बसली होती. मोनालीला बघून ती उठली, पाणी घेऊन आली, आणि समोर बसत अगदी सहज म्हणाली, "तुज्याकडं बी आला असंल ना निरोप?"

मोनालीनं हातातला तांब्या खाली ठेवला. ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. देवूच्या नावापुढं लाडकीचाच फोन होता. तो कुणी काढला नव्हता.

"कवापासून येतोय, वयनी?"

"चार येळा आला. आयेला सांगितलं. ती म्हनली, मला ठावं व्हतं."

आतून मंगला बाहेर आली. तिनं मुलीच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला काय बोलायचंय ते बोलायच्या आधीच म्हणाली, "तू काय सांगायला आलीस ते मला नको सांगू, बाय. तुज्या मशिनीनं सांगितलं तवा आमी इश्वास ठेवला व्हता. आता बी ठेवतो."

त्यांच्या चेहऱ्यांवर आनंद असता, रडू असतं, तर मोनालीला बोलता आलं असतं. पण दोघी शांत होत्या. घरात झाडलोट झाली होती. देवूचे शर्ट धुऊन दोरीवर टाकले होते, आणि ते वाऱ्यानं हलत होते ते बघवत नव्हतं. लाडकीनं फोनमधला नकाशा उघडून तिला दाखवला. तिनंही ठिपके बघून ठेवले होते. "माजा भाव जितेश होडी घेऊन जातो म्हनतोय त्या जाग्यावर. मंगळवारी. त्याचा खलाशी कमलेस बी जानार हाय संगतीला."

"वारा हाय, वयनी. बंदराला धोक्याचा बावटा लागलाय."

"म्हनून तर. त्याला वाऱ्यात एकटा कसा सोडायचा?" मग ती थोडी पुढं सरकली आणि आवाज खाली आणला. "मोना, तुजं मशीन हिकडून तिकडं बोलतं का गो? उलटा निरोप धाडता येतो?"

येत होता. ती सोय पेटीत होती; छोटा दिवा लागायचा आणि ठरलेला निरोप उमटायचा. मोनालीनं खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून "येतो" असंच निघालं.

सोमवारी दुपारी रूपेश खाली चहाला गेला असताना तिनं ते केलं. मनाला सांगितलं, तपासणी म्हणून करतेय. पेटी समुद्राच्या तळाशी आहे, उत्तर न मिळणं हाच पुरावा. नर्मदेच्या नावावर तिनं निरोप लावला, ठीक आहात का. गच्चीवरची मोटर घुरघुरली, अँटेना क्षितिजापासून वर चढत गेली. खालच्या कारखान्यात पत्रा कापणारं मशीन थांबलं होतं. पडद्यावर बाकीच्या होड्यांच्या ओळी उतरल्या, आणि शेवटी तिच्या निरोपापुढं एक शब्द आला.

पोचला.

ती खुर्चीत तशीच बसून राहिली. आपल्या पाठीमागं कुणीतरी उभं आहे आणि आपण वळायचं नाही, एवढं एकच तिला कळत होतं. ओलं लाकूड आणि डिझेल यांचा वास आला, केबिनचा वास. तो खालच्या कारखान्यातून आला असेल. वळावं आणि बघून टाकावं असंही वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं की वळलं आणि तिथं कुणी नसलं तर ते आपल्याला सोसणार नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दार उघडलं, रूपेश चहाचे दोन कप घेऊन आत आला, तिच्याकडे बघून त्यानं दोन्ही कप खाली ठेवले आणि विचारलं, "काय झालं?"

मग तिनं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यानं खुर्ची ओढली, आणि दोघांनी मिळून जुना प्रोग्रॅम उघडला.

कारण सापडायला संध्याकाळ झाली. ते अगदी साधं होतं. जुन्या उपग्रहात निरोप पुसला म्हणजे खरा पुसला जात नव्हता. ही जागा मोकळी झाली अशी नुसती खूण व्हायची, आणि नवीन काही येऊन पडेपर्यंत जुनं तिथंच राहायचं. त्या मोकळ्या जागेकडे दाखवणारं एक बोट प्रोग्रॅममध्ये राहून गेलं होतं. दोन वर्षं ते निमूट होतं. मग केव्हातरी किरणांनी एक आकडा उलटला, ते बोट जागं झालं, आणि उपग्रह देवूचा शेवटचा निरोप आजच्या तारखेनं खाली पाठवायला लागला. 'पोचला' ही निरोप मिळाल्याची पेटीची पावतीही त्याच जागेत पडलेली जुनी होती, देवूच्या चांगल्या दिवसातली. जागेचे आकडेही असेच एकेक उलटत होते, म्हणून ठिपके सरकत होते.

"किनाऱ्याकडेच का सरकतात पण?" मोनालीनं विचारलं.

"पाचसहा ठिपक्यांतून कशीही रेघ काढता येते गं."

"उलटणारा आकडा कुठलाही असू शकतो. एकदा तरी तो लांब जायला हवा होता."

रूपेश पडद्याकडे बघत राहिला. "हो," तो म्हणाला. "हवा होता." आणि थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता, "मी शुक्रवारी रस्टला हो म्हणतो. मला शिकव."

उपाय एकच होता. वर कमांड पाठवून ती जागा शून्यांनी भरून टाकायची आणि ते बोट काढून टाकायचं. त्यानंतर देवूचा तो शब्द कुठंच उरणार नव्हता. फोनवर जे येतं ते त्याची सावली, मूळ तिथं वर होतं, आणि गेली दोन वर्षं ते डोक्यावरून फिरत होतं. मोनालीला रात्री एकटीला वाटलं, राहू दे. जितेशला काहीतरी सांगून थांबवू, बाकी राहू दे. पण त्या एका अडकलेल्या निरोपामुळं दुसऱ्या कुणाचा मदतीचा निरोप मागे पडू शकत होता, हेही तिला प्रोग्रॅममध्ये दिसलं होतं. आणि मागे पडलेला निरोप म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं.

तिनं सकाळी उजाडताच लाडकीला फोन केला. म्हणाली, जितेशला थांबव, आणि तू इकडं ये. मला तुला काही दाखवायचंय.

लाडकी एसटीनं आली. इस्त्रीचं पातळ नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून, लग्नकार्याला जावं तशी. रूपेशनं तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः गच्चीवर निघून गेला. मोनालीनं तिला सगळं सांगितलं, बोटाचं आणि जागेचं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. लाडकी ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "म्हंजे त्यानं दाबलेलं बटन ते हेच? त्या दिसाचं?"

"हेच."

"दुसरं नाय."

"नाय, वयनी. दुसरं नाय."

लाडकीनं पडद्यावरच्या त्या ओळीवर हात ठेवला. काच गरम होती म्हणून की काय, लगेच काढून घेतला. "त्या दिसाला हा निरोप आला तवा मी भात टाकला," ती म्हणाली. "आयेनं इचारलं, आत्ताच कशाला? म्हनलं, येईल तवर व्हईल. मग शिजला, तरी मी जाळ काढला नाय. करपून गेला सगळा." खाली मशीन पत्रा कापत होतं. "आत्ता तू काढलंस तर त्याला दुखापत नाय ना व्हनार?"

मोनालीनं आयुष्यात दिलेल्या उत्तरांत ते सगळ्यात अवघड होतं. "नाय," ती म्हणाली.

"मग काड. त्याला किती दिस तिकडं फिरवशील?"

मोटर घुरघुरली. अँटेना वळताना गच्चीवरून रूपेशच्या पावलांचा आवाज आला. मोनालीनं कमांड पाठवली. उपग्रह डोक्यावरून जाऊन पूर्वेकडे डोंगरांमागं उतरला तेवढ्यात वरून कबुली आली, आणि होड्यांच्या ओळी पुन्हा उतरल्या, सगळ्या चालत्या होड्यांच्या. लाडकीनं त्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "आयेला मी सांगन. तू नको सांगू."

एसटी स्टँडवर तिला पोचवायला मोनाली गेली. ऊन पडलं होतं. लाडकीनं गाडीवरून वडापाव घेतला, मोनालीला अर्धा दिला, आणि खाता खाता म्हणाली, "त्याला ही सुकी चटनी लई आवडायची." इतक्या साध्या आवाजात कुणी ते बोलेल असं मोनालीला वाटलं नव्हतं. तिनं मान हलवली.

गाडी लागली. लाडकी पायरीवर एक पाय ठेवून वळली. "मोना, तू रोज ठिपकं मांडत व्हतीस ना. आज कुटं असता गो तो?"

मोनालीला ते माहीत होतं. शेवटचा निरोप सकाळच्या फेरीत आला होता, लाडकीची एसटी घिवलीतून सुटली तेव्हा. लाडकीनं प्रवासात फोन बघितला नसावा. तो ठिपका समुद्रात नव्हता. तो वाळूच्या अलीकडे होता, गावात, बोंबील वाळत घालतात त्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर.

"म्हाईत नाय, वयनी," ती म्हणाली. "आज आला नाय."

लाडकी तिच्याकडे बघत राहिली, नको इतका वेळ. कंडक्टरनं घंटा दिली.

"असू दे," ती म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली. शेजारची जागा तिनं मोकळी ठेवली होती की तिथं कुणी बसायचं राहिलं होतं, ते गाडी वळेपर्यंत मोनालीला कळलं नाही.